खोका कुणाचा? पॉप आर्टचा इतिहास आणि एक राहिलेली उधारी

 

आजचा विषय पॉप आर्ट. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुपाचा डबा येतो, नाहीतर भडक रंगांतली मेरिलिन मन्रो. त्या दोघांकडे आपण येणारच आहोत. पण सुरुवात मी एका खोक्यापासून करणार आहे.

एप्रिल 1964. न्यूयॉर्कमधली स्टेबल गॅलरी. अँडी वॉरहॉलचं प्रदर्शन. आत शिरलं की किराणा मालाच्या गोदामात आल्यासारखं वाटायचं. केचपचे खोके, कॉर्नफ्लेक्सचे खोके, आणि ब्रिलोचे खोके, एकावर एक रचलेले. ब्रिलो म्हणजे भांडी घासायच्या, साबण लावलेल्या तारेच्या घासण्या. दुकानात त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायच्या. वॉरहॉलने सुताराकडून लाकडी खोके करून घेतले, त्यांना रंग दिला आणि वर अगदी तीच अक्षरं, तेच रंग छापले. कोलंबिया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आर्थर डँटो यांनी हे खोके पाहिले आणि त्याच वर्षी एक लेख लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता: दुकानातला खोका आणि गॅलरीतला खोका दिसायला सारखेच असतील, तर एक कला आणि दुसरा सामान, हे ठरतं कशावरून? या एका प्रश्नावर पुढे कितीतरी पुस्तकं लिहिली गेली.

मला आज विचारायचा आहे तो प्रश्न त्याहून साधा आहे. तो मूळ पुठ्ठ्याचा खोका कुणी डिझाइन केला?

त्याचं नाव जेम्स हार्वी. पांढऱ्यावर लाल लाट आणि निळी-लाल ठसठशीत अक्षरं ही त्याची योजना, 1961ची. आणि गंमत बघा, हार्वी स्वतः चित्रकार होता. अमूर्त शैलीत मोठे कॅनव्हास रंगवायचा, त्याची प्रदर्शनंही व्हायची. खोके डिझाइन करणं ही पोटापाण्याची नोकरी. वॉरहॉलचे खोके गाजत होते तेव्हा तो त्याच शहरात होता. पुढच्याच वर्षी, 1965मध्ये, तो कर्करोगाने गेला. वय फक्त 36. वॉरहॉलचा एक पिवळा ब्रिलो खोका 2010मध्ये लिलावात तीस लाख डॉलर्सच्या वर गेला. हार्वीचे खोके? ते घासण्या संपल्यावर फेकले गेले.

हा खोका बाजूला ठेवा. आता जरा मागे जाऊ, न्यूयॉर्क सोडून लंडनला.

पॉप आर्टचा जन्म अमेरिकेतला, असा अनेकांचा समज असतो. खरं तर सुरुवात ब्रिटनमध्ये झाली, आणि तीही टंचाईच्या काळात. दुसरं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनमधलं रेशनिंग 1954पर्यंत चालू होतं. साखर मोजून, मांस मोजून. अशा वेळी अमेरिकी मासिकांतल्या जाहिराती कशा दिसत असतील? फ्रिज, मोटारी, फळांचे डबे, हसणाऱ्या बायका. आपल्याकडेही एक काळ होता, परदेशातून कुणी आलं की चॉकलेट संपायचं, पण पत्र्याचा डबा वर्षानुवर्षं शोकेसमध्ये राहायचा. ती नजर आठवा, म्हणजे लंडनच्या त्या तरुणांची नजर कळेल.

1952मध्ये लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स’मध्ये काही तरुण चित्रकार, वास्तुरचनाकार, समीक्षक जमायला लागले. ‘इंडिपेंडंट ग्रुप’ हे त्यांचं नाव. एदुआर्दो पाओलोत्झी या शिल्पकाराने तिथे मासिकांतली कात्रणं प्रोजेक्टरवर एकामागून एक दाखवली. जाहिराती, कॉमिक्स, विज्ञानकथांची मुखपृष्ठं. यात बघण्यासारखं काय आहे, असं काहींना तेव्हा वाटलं असणार. पण बीज तिथे पडलं. 1956मध्ये व्हाइटचॅपल गॅलरीत ‘धिस इज टुमॉरो’ हे प्रदर्शन भरलं. त्यासाठी रिचर्ड हॅमिल्टनने एक कोलाज केलं. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा. आजचं आधुनिक घर: टेपरेकॉर्डर, टीव्ही, डबाबंद मांस, एक पिळदार शरीराचा तरुण आणि त्याच्या हातात भलामोठा लॉलिपॉप. त्या लॉलिपॉपवर अक्षरं, ‘पॉप’.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. पन्नाशीच्या दशकात ही मंडळी ‘पॉप आर्ट’ म्हणायची तेव्हा त्यांना गॅलरीतली चित्रं अभिप्रेत नव्हती. समीक्षक लॉरेन्स ॲलोवे वगैरे हा शब्द वापरायचे तो जाहिराती, सिनेमा, कॉमिक्स, वेष्टनं यांच्यासाठी. म्हणजे मूळ अर्थाने पॉप आर्टिस्ट कोण? तर हार्वी! काही वर्षांत तो शब्दच जिना चढून गॅलरीत गेला. बाजारातल्या चित्राचं नाव, बाजारातल्या चित्रावरून केलेल्या चित्राला मिळालं.

अमेरिकेत परिस्थिती उलटी होती. तिथे वस्तूंची रेलचेल, आणि कलेच्या जगात मात्र अमूर्त चित्रांचं राज्य. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको. चित्र म्हणजे चित्रकाराच्या अंतरंगाचा उद्गार, अशी भूमिका. तिला पहिला तडा दिला जॅस्पर जॉन्सने. 1954-55मध्ये त्याने अमेरिकेचा झेंडा रंगवला. झेंड्याचं चित्र म्हणायचं की झेंडाच म्हणायचा, अशा बेताने.

मग साठीत एकदम गर्दी झाली. आणि ही माणसं आली कुठून ते बघा. जेम्स रोझेनक्विस्ट टाइम्स स्क्वेअरमध्ये परातीवर चढून होर्डिंग रंगवायचा. वॉरहॉल पिट्सबर्गच्या स्थलांतरित कामगार कुटुंबातला, न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढून नाव कमावलेला. बाजार त्यांना बाहेरून बघावा लागला नाही. ते बाजारातूनच वर आले होते.

जुलै 1962मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलच्या सुपाच्या डब्यांची 32 चित्रं लागली. कॅम्पबेल कंपनीच्या सुपाचे तेव्हा 32 प्रकार होते, म्हणून 32. दुकानातल्यासारखी फळीवर ओळीने ठेवलेली. किंमत प्रत्येकी 100 डॉलर्स. शेजारच्या एका गॅलरीने चेष्टा म्हणून खिडकीत खरे डबे रचले, आमच्याकडे स्वस्तात मिळतील म्हणून. मोजकीच चित्रं विकली गेली होती. गॅलरीवाला आयर्विंग ब्लम याने ती परत मिळवली आणि सगळा संच स्वतः 1000 डॉलर्सना घेतला, तोही हप्त्यांनी. आज तो संच न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीने या नव्या लोकांचं मोठं प्रदर्शन भरवलं. निषेध म्हणून रॉथको, मदरवेल, गस्टन, गॉटलीब या ज्येष्ठ चित्रकारांनी ती गॅलरीच सोडली. त्यांची चीड समजून घ्यायला हवी. ज्या जाहिरातबाजीपासून कलेला वाचवण्यात आयुष्य घालवलं, तीच आता शेजारच्या भिंतीवर येऊन बसली होती.

ऑगस्ट 1962मध्ये मेरिलिन मन्रो गेली. वॉरहॉलने तिच्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला एक फोटो घेतला आणि सिल्कस्क्रीनने छापला. सिल्कस्क्रीन म्हणजे ताणलेल्या कापडातून रंग खाली दाबायचा. लग्नपत्रिका, टी-शर्ट छापतात ना, तेच तंत्र. प्रत्येक छाप थोडी वेगळी पडते. कुठे शाई जास्त, कुठे चेहरा पुसट. एकच चेहरा पन्नास वेळा. बघता बघता लक्षात येतं की ही बाई नाहीये, बाईची झिजत गेलेली प्रत आहे. पॉप आर्टला उथळ म्हणणाऱ्यांनी त्या चित्रापुढे पाच मिनिटं उभं राहावं.

प्रभावाबद्दल बोलायचं तर पॉप आर्ट गॅलरीत थांबलीच नाही. बीटल्सच्या 1967च्या ‘सार्जंट पेपर’चं मुखपृष्ठ पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांचं, आणि पुढच्या वर्षीच्या पांढऱ्या अल्बमचं हॅमिल्टनचं. आणि कॅम्पबेल कंपनी? तिने चक्क सुपाच्या डब्यांचं चित्र छापलेला कागदी फ्रॉक काढला. एक डॉलर आणि डब्यावरची दोन लेबलं पाठवा, फ्रॉक घरपोच. जाहिरातीचं चित्र झालं, चित्राची परत जाहिरात झाली. आज जाहिरात कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, त्याची सुरुवात इथे आहे.

आता परत खोक्याकडे. हार्वी एकटा नव्हता. रॉय लिक्टेनस्टाइनचं ‘व्हॅम!’ हे चित्र घ्या. 1963चं, चार मीटर रुंद, लंडनच्या टेटमध्ये. एक विमान क्षेपणास्त्र सोडतंय, दुसरं पेट घेतंय. हे आलं एका युद्धकथांच्या कॉमिकमधून, आणि ती चौकट काढली होती आयर्व्ह नोव्हिक याने. कॉमिकवाल्यांना पानाप्रमाणे पैसे मिळत, हक्क प्रकाशकाकडे. लिक्टेनस्टाइनने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्याने मांडणी बदलली, फापटपसारा काढला, स्वस्त छपाईतले ठिपके मोठे करून दाखवले. आपण वाचून फेकून देतो ती गोष्ट त्याने थांबून बघायला लावली. हे मोठंच काम आहे. पण भिंतीवरच्या पाटीवर नोव्हिकचं नाव कुठे होतं?

पॅट्रिशिया कॉलफील्ड या फोटोग्राफर बाईंनी काढलेला जास्वंदीच्या फुलांचा फोटो 1964मध्ये मासिकात आला. वॉरहॉलची प्रसिद्ध ‘फ्लॉवर्स’ त्यावरून केलेली. त्यांनी 1966मध्ये दावा लावला, तडजोड झाली. पुढच्या काळात वॉरहॉल पोर्ट्रेटसाठी स्वतःच पोलरॉइडवर फोटो काढू लागला. लिन गोल्डस्मिथ यांनी 1981मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. 1984मध्ये एका मासिकाने 400 डॉलर्स देऊन तो वॉरहॉलला चित्रासाठी आधार म्हणून दिला, एकदाच वापरायच्या अटीवर. वॉरहॉलने त्यावरून एक नाही, सोळा कलाकृती केल्या. 2016मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यांतली एक मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. वॉरहॉल फाउंडेशनला मिळाले 10,000 डॉलर्स, गोल्डस्मिथना शून्य. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे 2023मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, गोल्डस्मिथ यांच्या बाजूने. निकाल त्या एका परवान्यापुरताच आहे, संग्रहालयातली चित्रं त्यात येत नाहीत. तरीही पहिल्यांदाच इतक्या वरच्या पातळीवर कुणीतरी विचारलं: मूळ कुणाचं?

आणखी एक किस्सा. 1965मध्ये टोरंटोच्या एका गॅलरीवाल्याने ब्रिलोचे खोके मागवले. मूळ शिल्पाला कर नव्हता. पण कॅनडाच्या कस्टम्सने सांगितलं, हे शिल्प नाही, माल आहे, वीस टक्के भरा. त्यांच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकांनीही कस्टम्सचीच बाजू घेतली. आपण आज हसतो. पण कस्टम्सच्या त्या माणसाला निदान एवढं दिसलं की ही वस्तू दुकानातून आली आहे.

आता तुम्ही विचाराल, मग वॉरहॉल चोर का? मला तसं वाटत नाही. तो ज्या व्यवस्थेतून आला तिच्यात कमर्शिअल आर्टिस्टच्या कामावर मालकी कंपनीची, नाव कुणाचंच नाही. त्याने त्या व्यवस्थेला आरसा दाखवला. अडचण एवढीच की आरशातही तो माणूस दिसला नाही. उच्च कला आणि बाजार यांतली भिंत पाडली, असं पॉप आर्टबद्दल नेहमी म्हटलं जातं. माझं म्हणणं असं, की भिंतीतून चित्रं पलीकडे गेली, चित्रकार अलीकडेच राहिले.

शेवटी थोडं आपल्या जवळचं, कारण इथे खरा धागा आहे. मुंबईत जन्मलेला भूपेन खख्खर. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. 1962मध्ये बडोद्याला गेला. तिथे एका ब्रिटिश मित्राकडून पॉप आर्टची ओळख झाली आणि त्याने बाजारातली देवादिकांची छापील चित्रं कापून कॅनव्हासवर चिकटवायला सुरुवात केली. इथवर सगळं लंडन-न्यूयॉर्कसारखंच. पण 1972च्या सुमाराची त्याची चित्रं बघा. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डी-लक्स टेलर्स’. दुकानाची पाटी आहे, भडक रंग आहेत, आणि पाटीखाली घड्याळ दुरुस्त करणारा माणूस बसला आहे, शिंपी बसला आहे. वस्तूबरोबर कारागीरही चित्रात आला. वॉरहॉलच्या सुपाच्या डब्यामागे कुणी उभं नाही. भूपेनच्या पाटीमागे आहे.

आपल्याकडे दलाल, मुळगावकर यांची सही कॅलेंडरच्या, दिवाळी अंकाच्या कोपऱ्यात असायची आणि लोक ती ओळखायचे. पण आगपेटीवरचं चित्र, फटाक्यांच्या पुड्यावरचं चित्र, सिनेमाचं होर्डिंग? हुसेन पुढे मोठे झाले म्हणून त्यांनी होर्डिंग रंगवली हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या शेजारच्या परातीवर कोण होतं, त्याचं नाव आपण कधी विचारलंच नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. स्वयंपाकघरातला एखादा डबा, पुडा उचला आणि नीट बघा. रंग, अक्षरं, रेघ. ते कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. पॉप आर्टने आपल्याला त्या डब्याकडे बघायला शिकवलं, ते ऋण मोठं आहे. डब्यामागच्या माणसाकडे बघणं अजून राहिलं आहे.