पाठकोरा कागद

माझ्या आजीचे माहेर कागजीपुऱ्याचे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तेव्हा त्याच्या दफ्तराबरोबर कागद करणारे कारागीरही आले आणि इथे वसले, असे सांगतात. आजीला आम्ही दादी म्हणायचो. रस्त्यात लिहिलेला कागद पडलेला दिसला की दादी तो उचलायची, झटकायची आणि घरी आणून भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवायची. त्यावर अल्लाचे नाव असेल तर ते पायदळी नको, हे एक कारण. दुसरे कारण ती वेगळे सांगायची, "बेटा, इसमें किसी का पसीना है." शेजारच्या काकूंच्या घरी कागदाला पाय लागला की मुले त्याला नमस्कार करायची. दोन्ही घरांतली शिकवण एकच होती.

आज दादीची आठवण काढायचे कारण म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांत सध्या चाललेली काटकसरीची चर्चा. वीज किती जळली, पाणी किती सांडले, कचरा किती निघाला याचा हिशेब देशातल्या पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात द्यावाच लागतो. त्यासाठी समित्या नेमल्या जातात, भाषणे होतात. हे सगळे नवे वाटते. पण तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला त्यात जुन्या दफ्तराचीच गोष्ट दिसते.

'दफ्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत, कमावलेल्या कातड्यासाठीच्या शब्दात आहे. कागद नव्हता तेव्हा माणूस कातड्यावर लिहीत असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तसले कागद आपल्याकडे जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणी हाताने होत. फाटकी वस्त्रे, जुने दोरखंड चुन्यात भिजवायचे, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदात कालवायचा आणि जाळीवर एकेक ताव उचलायचा. मग वाळवणे, खळ देणे, गुळगुळीत दगडाने घोटणे. एवढ्या हातांतून गेलेला ताव कोण वाया घालवील? टाकलेल्या चिंधीचा कागद होई आणि त्या कागदाचे दफ्तर पुन्हा कापडातच बांधले जाई. त्या काळच्या कारकुनांना पर्यावरणाची चिंता होती, असे मला म्हणायचे नाही. कागद महाग होता आणि तो कुठून येतो हे डोळ्यांना दिसत होते, एवढेच.

गिरण्या आल्या आणि हे दिसणे संपले. पुण्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. पुढे चिंध्यांच्या जागी बांबू आणि लाकूड आले, कागद स्वस्त झाला. तो कसा स्वस्त झाला, हेही समजून घ्यायला हवे. माधव गाडगीळ यांनी लिहिले आहे की, कर्नाटकातल्या दांडेलीच्या गिरणीला सरकार जंगलातला बांबू दीड रुपया टनाने देत असे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी महाग पडे. म्हणजे ऑफिसातल्या स्वस्त कागदाची उरलेली किंमत जंगल आणि बुरूड भरत होते. आमच्या बिलात ती कधी लागलीच नाही.

एका माणसाला हे आधीच उमगले होते. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर आणि उलटलेल्या लिफाफ्यांवर गांधीजी लिहीत. १९३४ साली वर्ध्याला सुरू झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या कामात हातकागदालाही जागा होती आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. पण देशाची ऑफिसे गिरणीच्याच कागदावर चालली.

त्यात १९५९ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीचे ९१४ नावाचे यंत्र आले. बटण दाबले की साध्या कागदावर प्रत हातात! त्याआधी कार्बन लावून चार प्रती टाइप करायच्या तर पाचवी प्रत खरेच हवी का, याचा विचार व्हायचा. तो विचारच या यंत्राने संपवला. १९७५ साली 'बिझनेस वीक' या अमेरिकी साप्ताहिकाने भविष्यातल्या ऑफिसाबद्दल लिहिले. संगणकामुळे कागद हळूहळू हद्दपार होईल, असा त्यातला अंदाज होता. झाले उलटेच. संगणकाबरोबर प्रिंटर आला आणि पुढची पंचवीस वर्षे ऑफिसातला कागद वाढतच गेला.

मी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कंपनीत चिकटलो तो याच काळात. आमचे हेडक्लार्क एका बाजूने वापरलेले कागद जमवून, दोऱ्याने शिवून त्यांची वही करीत. आम्ही पोरे त्यांना चिक्कू म्हणायचो. तरी त्या वह्या मी मागून न्यायचो, कारण कवितेला कोरा कागद विकत घेणे परवडत नव्हते. पहिल्या संग्रहाचे हस्तलिखित अशा पाठकोऱ्या कागदांवरच गेले. प्रकाशकाने विचारले, "कविता कोणत्या बाजूची घ्यायची? मालाच्या पावतीची की मागची?"

हेडक्लार्क निवृत्त झाले आणि काही वर्षांनी कंपनीने पर्यावरणाचे धोरण स्वीकारले. 'कागद वाचवा' हे परिपत्रक लिहायचे काम, कवी म्हणून, माझ्याकडे आले. मी ते मन लावून लिहिले. त्याच्या प्रती काढून प्रत्येक विभागाला चार-चार वाटण्यात आल्या! ई-मेलच्या तळाशी 'गरज असेल तरच छापा' अशी हिरवी ओळ आली. लोक ई-मेल छापायचे, तेव्हा ती ओळ बहुधा एकटीच दुसऱ्या पानावर यायची.

फरक पडला तो साध्या गोष्टींनी. टेबलाटेबलावरचे प्रिंटर काढून एकच यंत्र मधल्या वाटेवर ठेवले. दोन्ही बाजूंनी छपाई हीच त्याची नेहमीची सवय करून टाकली. कोणत्या विभागाने किती रिमे नेली, याची एक नोंदवही ठेवली आणि ती सर्वांना दिसेल अशी भिंतीला टांगली. नावापुढे आकडा दिसू लागताच मागणी आपोआप उतरली.

पण मंडळी, माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. २००९ च्या सुमारास कंपनीने जुने संगणक लिलावात काढले. यादी मी केली. प्रत्येक मॉनिटरच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांकही मीच घातले होते. पंधरा दिवसांनी आमच्या मोहल्ल्यातल्या भंगाराच्या दुकानापुढे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दगडाने मॉनिटर फोडत बसलेला दिसला. आतले तांबे काढायचे होते. त्या काचेत शिसे असते, हे त्याला कोण सांगणार? संध्याकाळी वायरी जाळल्या की सगळी गल्ली खोकायची. मी जवळ गेलो तर पाठीवरचा क्रमांक माझ्या अक्षरातला. ऑफिस स्वच्छ झाले होते आणि कचरा माझ्याच दारात आला होता. त्यावर सहीसुद्धा माझीच होती.

ई-कचऱ्याचे नियम देशात मे २०१२ पासून लागू झाले आणि एप्रिल २०२३ पासून नवे, अधिक कडक नियम आले. अधिकृत केंद्रानेच हा माल मोडायचा, असे ते सांगतात. आता भंगाराच्या यादीवर सही करण्यापूर्वी माल कुठे जाणार, हे मी विचारतो. काही जणांना ते आवडत नाही.

आज आमच्या फायली संगणकात गेल्या आहेत आणि कागद खरेच कमी झाला आहे. पण पूर्वी आमच्या कागदाचा बांबू चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून यायचा, तर आता संगणकाच्या विजेसाठी त्याच चंद्रपूरच्या जमिनीतला कोळसा जळतो. ओझे उतरले नाही, त्याने फक्त खांदा बदलला. जपानने २००५ साली ऑफिसांत टाय-कोट सोडून एसी २८ अंशांवर ठेवायची मोहीम काढली. आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब असा की, एसीचा आकडा एका अंशाने वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. तरीही भर मे महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीत माणसे स्वेटर घालून बसलेली मी पाहिली आहेत.

दादीला यातले काही कळले नसते. पण हातातली वस्तू कुठून आली आणि टाकल्यावर कुणाच्या अंगणात पडणार, हे दोन प्रश्न तिला पाठ होते. समितीचा अहवाल हातात आला की मीही त्यात आधी या दोन प्रश्नांची उत्तरे शोधतो.

हे भाषण मी पाठकोऱ्या कागदांवरच लिहिले आहे. पुढच्या बाजूला गेल्या वर्षीच्या वीजबिलाच्या झेरॉक्स प्रती आहेत. त्या कशासाठी काढल्या होत्या, हे ऑफिसात आता कुणालाच आठवत नाही.