पहाटे साडेचारची मुदत

१६ सप्टेंबर २०१४. एकोणतीस दिवस आधी

जर्मनीतली सेक्शनआइन्स ही कंपनी पीएचपी या भाषेत लिहिलेल्या प्रणालींची सुरक्षा तपासायची. एका ग्राहकासाठी ती ड्रुपलचा कोड तपासत होती. त्यात श्टेफान होर्स्ट यांच्या नजरेला एक ओळ खटकली आणि कंपनीने या दिवशी ड्रुपलच्या सुरक्षा गटाला गुपचूप कळवलं.

ड्रुपल म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणारी, फुकट मिळणारी प्रणाली. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट २००९ पासून तिच्यावर होती, भारत सरकारचं खुल्या आकडेवारीचं संकेतस्थळही तिच्यावरच उभं राहिलं. विद्यापीठं, वृत्तपत्रं, स्वयंसेवी संस्था, छोट्या कंपन्या अशा लाखो साइट सातव्या आवृत्तीवर चालत होत्या. ही आवृत्ती ५ जानेवारी २०११ ला आली, आणि खटकलेली ओळ पहिल्या दिवसापासून तिच्यात होती.

ती ओळ नेमकी कुठे होती हे कळलं की अंगावर काटा येतो. बाहेरून आलेला मजकूर थेट डेटाबेसच्या आज्ञेत मिसळू नये, म्हणून ड्रुपल ७ मध्ये खास एक थर बांधला होता. साइटवरच्या चौकटीत कोणी काहीही लिहिलं, तरी हा थर त्याला आज्ञा न मानता निव्वळ माहिती मानणार, अशी ती रचना. एकाऐवजी अनेक मूल्यांची यादी आली, तर हा थर प्रत्येक मूल्यासाठी एक जागा तयार करायचा आणि तिला नाव द्यायचा. नाव देताना यादीतला क्रमांक जसाच्या तसा उचलायचा. तो क्रमांकही बाहेरचा माणूसच पाठवत असतो, आणि क्रमांकाच्या जागी तो आख्खी आज्ञा लिहू शकतो, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बँकेच्या अर्जावर ‘अर्ज क्रमांक’ या रकान्यात ‘सगळे पैसे माझ्या खात्यात टाका’ असं लिहावं आणि कारकुनाने ते मुकाट्याने अमलात आणावं, तसं हे होतं. त्यासाठी साइटवर खातं नको, पासवर्ड नको. लॉगिनची चौकट दिसली की पुरे.

२९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर

दुरुस्ती लगेच का आली नाही? कारण त्या आठवड्यात ड्रुपलवाल्यांचं मोठं संमेलन अ‍ॅम्स्टरडॅमला भरलं होतं. साइट सांभाळणारी माणसं घरापासून, आपल्या यंत्रांपासून लांब असताना हे जाहीर करणं सुरक्षा गटाला धोक्याचं वाटलं. मूळ प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी देण्याची त्यांची पद्धत होती. ऑक्टोबरचा तिसरा बुधवार म्हणजे १५ तारीख. मला हा निर्णय बरोबर वाटतो. मात्र तो घेताना कोणत्या देशात त्या दिवशी काय असेल, याचा विचार कोणी करू शकत नाही.

१४ ऑक्टोबर. एक दिवस आधी

गूगलच्या संशोधकांनी ‘पूडल’ नावाची त्रुटी जाहीर केली. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कूटबद्ध करणारी एसएसएल ३.० ही जुनी पद्धत तिने मोडीत काढली. जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तेच बंद करत बसले होते.

१५ ऑक्टोबर, सकाळी ७ ते संध्याकाळी ६

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. २८८ मतदारसंघ, एकच टप्पा. सुट्टीचा दिवस. संध्याकाळी यंत्रं मोहोरबंद झाली आणि घरोघरी टीव्हीवर एक्झिट पोल सुरू झाले.

रात्री ९.३०. शून्य तास

सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ, अ‍ॅम्स्टरडॅमला संध्याकाळचे सहा, सिडनीत पहाटेचे तीन. ड्रुपल ७.३२ बाहेर पडलं. सोबतच्या सूचनेत धोका ‘अत्यंत गंभीर’ ठरवला होता.

उपाय दोन दिले होते. पहिला, पूर्ण प्रणाली ७.३२ वर न्या. दुसरा त्याखाली, ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी: डेटाबेस हाताळणाऱ्या एका फाइलमध्ये एक ओळ बदला. बदल इतकाच की यादीतले बाहेरून आलेले क्रमांक फेकून द्यायचे आणि शून्यापासून आपले आपण घालायचे.

रात्री १०

दुरुस्ती जाहीर झाली की त्रुटीही जाहीर होते. ७.३१ आणि ७.३२ या दोन्ही आवृत्त्या सगळ्यांना मिळत होत्या. त्या शेजारी ठेवून फरक काढायला एक आज्ञा लागते, आणि फरक जवळजवळ त्या एकाच ओळीचा होता. नेमकं काय पाठवायचं हे होर्स्ट यांच्या कंपनीने मुद्दाम छापलं नव्हतं. पण पीएचपी जाणणाऱ्या माणसाला ती ओळ बघून पुढचं सुचायला फार वेळ लागणार नव्हता.

काही होस्टिंग कंपन्या इथे खऱ्या अर्थाने कामाला आल्या. अ‍ॅक्विया, पँथिऑन यांसारख्या ड्रुपलच्याच साइट सांभाळणाऱ्यांनी आपल्या पातळीवर अडसर घातला, म्हणजे ग्राहकाने अजून काही केलेलं नसलं तरी घातक विनंती त्याच्या साइटपर्यंत पोचू नये. क्लाउडफ्लेअरने आपल्या गाळणीत नियम टाकला. ज्यांची साइट अशा ठिकाणी होती त्यांना झोप परवडणार होती.

रात्री १०.३० ते १२.३०

उरलेल्यांचं काय? या दोन तासांवर मला थांबायचं आहे. कारण हे तास असे फुकट का गेले, ते समजल्याशिवाय पुढचं समजत नाही.

साइट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आहे असं धरा. एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहक. ड्रुपल ७ मध्ये मॉड्यूल, म्हणजे जोडीचे सुटे भाग, व्यवस्थापनाच्या पानावरून बदलता येत होते, मूळ प्रणाली मात्र नाही. वर्डप्रेसने आदल्याच वर्षी, ३.७ या आवृत्तीपासून, छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसवायला सुरुवात केली होती. ड्रुपलवाल्याला मात्र नवी आवृत्ती उतरवून, गठ्ठा सोडवून, हजाराच्या आसपास फायली एफटीपीने चढवायच्या होत्या. सर्व्हरवर आज्ञा देण्याची सोय अशा होस्टिंगवर बहुधा नसतेच. मधेच लाइन तुटली की निम्म्या फायली जुन्या, निम्म्या नव्या, आणि साइटच्या जागी कोरं पांढरं पान.

समजा, चढवल्या. मुळातली .एचटीअ‍ॅक्सेस फाइलही त्यांच्यासोबत बदलली जाते. शेअर्ड होस्टिंगवर पत्ते नीट वळावेत म्हणून तिच्यात हाताने केलेले बदल असतात. ते गेले, की मुखपृष्ठ उघडतं आणि आतली पानं सापडत नाहीत. पूर्वीच्या डेव्हलपरने घाईत मूळ फायलींमध्येच काही लिहून ठेवलं असेल, तर तेही पुसलं जातं. तो डेव्हलपर आता कुठे असतो, ते बहुतेक संस्थांना ठाऊक नसतं.

मग डेटाबेस नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायचं पान चालवायचं. ड्रुपल ७ ला किमान ३२ एमबी मेमरी लागते, आणि दहा-वीस मॉड्यूल असले की ती कुठल्या कुठे जाते. पीएचपीची मूळ वेळमर्यादा ३० सेकंदांची. होस्टिंगवाल्याने दोन्ही मर्यादा आवळून ठेवलेल्या असतात, कारण त्याच्या एका सर्व्हरवर शेजारी पुष्कळ आहेत. मर्यादा वाढवून हवी तर तिकीट टाका, सकाळी उत्तर येईल. आधी वेगळ्या जागी साइटची दुसरी प्रत करून पाहावं, तर विकत घेतलेली जागा एका प्रतीपुरतीच.

आणि पीएचपीचं स्वतःचं वय. ५.३ या शाखेला दुरुस्त्या मिळणं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद झालं होतं, ५.२ ची तर २०११ च्या जानेवारीतच अखेर झाली होती. तरी कितीतरी सर्व्हर त्यांवरच होते. कारण ५.४ ने काही जुन्या सोयी काढून टाकल्या होत्या आणि नवी शाखा बसवली की कोणाची तरी दहा वर्षांपूर्वीची साइट मोडणार. एकाची जुनी साइट मोडू नये म्हणून शंभरांनी जुन्यावर राहायचं, हा स्वस्त होस्टिंगचा अलिखित करार असतो.

या सगळ्यामुळे माणसं अपडेटला हात लावत नाहीत. आळस म्हणून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. वर्षातून दोनदा साइट मोडलेली ज्याने पाहिली, ज्याला त्यावरून संस्थेच्या बैठकीत बोलणी खावी लागली, तो ‘चालतंय ना, मग राहू दे’ हे शहाणपण शिकतो. मग ७.१४ वरची साइट ७.१४ वरच राहते, आणि ७.३२ कडे जाण्याचा अर्थ मधल्या सगळ्या बदलांचा एकदम सामना करणं असा होतो. रात्री साडेदहाला, एकट्याने, हे कोण सुरू करील?

पण त्या रात्री यातलं काहीही करायची गरज नव्हती. एका ओळीचा तो बदल ड्रुपल ७ च्या कुठल्याही जुन्या आवृत्तीत चालत होता. पीएचपी ५.२ असो की ५.५, फरक पडत नव्हता. एफटीपी नको, जास्तीची मेमरी नको, डेटाबेसला हात नको. होस्टिंगच्या पॅनलमधला फाइल मॅनेजर उघडायचा, फाइल शोधायची, ओळ बदलायची, जतन करायचं. पाच मिनिटांचं काम. सूचनेत हे होतं, पण दुसऱ्या क्रमांकावर होतं, पर्याय म्हणून. मला वाटतं तिथेच घात झाला. ज्याने वर्षानुवर्षं अपडेटची धास्ती घेतली आहे, त्याचे डोळे ‘७.३२ वर जा’ या पहिल्या वाक्यावरच थांबले असतील, आणि त्याने ते काम शनिवारवर टाकलं असेल.

मध्यरात्र ते पहाटे ४

हल्ल्याचा चालता नमुना त्याच रात्री जाळ्यावर उघडपणे फिरू लागला. त्यानंतर माणसांची गरज उरली नाही. ड्रुपल ७ च्या साइटची यादी करायची आणि एकेका पत्त्यावर तीच विनंती पाठवायची, हे यंत्रांनी सुरू केलं. कोणाची साइट मोठी, कोणाची लहान, हे यंत्र बघत नाही.

एका रीतीत हल्लेखोर साइटच्या मेनूच्या तक्त्यात एक ओळ घालत होते. त्या ओळीतला पत्ता उघडला की सर्व्हरवर त्यांच्या मजकुराची फाइल तयार व्हायची. ते झालं मागचं दार. सर्व्हरच्या नोंदवहीत बहुधा काही विशेष दिसत नाही, कारण कोणता पत्ता मागितला तेवढंच ती लिहून ठेवते, अर्जात भरून काय पाठवलं ते नाही. कोणीतरी लॉगिनचा प्रयत्न केला, इतकीच काय ती खूण.

१६ ऑक्टोबर, पहाटे ४.३०

सात तास संपले. पुण्यामुंबईत दुधाच्या गाड्या निघायच्या वेळी एक मुदत टळली, आणि ती अस्तित्वात होती हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

१६ ते २८ ऑक्टोबर

निकाल १९ तारखेला लागला, दिवाळीचं लक्ष्मीपूजन २३ ला झालं. या काळात अनेकांनी सवडीने ७.३२ बसवलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

काहींना तर साइट आधीच दुरुस्त झालेली आढळली. होस्टिंगवाल्याने केलं असेल, असं वाटून ते पुढच्या कामाला लागले असतील. पण काही ठिकाणी ती दुरुस्ती हल्लेखोरानेच केलेली होती. आपण आत शिरल्यावर दुसऱ्या चोराला वाट मिळू नये म्हणून त्याने ती ओळ स्वतः बदलली होती.

२९ ऑक्टोबर

ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दुसरं निवेदन काढलं. १५ ऑक्टोबरला जागतिक वेळेप्रमाणे रात्री अकराच्या आत, म्हणजे घोषणेनंतर सात तासांच्या आत, ज्या साइटवर दुरुस्ती झाली नाही, ती प्रत्येक साइट हल्लेखोरांच्या ताब्यात गेली आहे असंच धरून चाला. भारतातली ती वेळ पहाटे साडेचारची. उलटी गणती चालू होती, हे ती संपल्यावर जवळपास दोन आठवड्यांनी सांगितलं गेलं.

आता ७.३२ बसवून उपयोग नव्हता. दार बंद होत होतं, आत बसलेला माणूस बाहेर जात नव्हता. सांगितलेला मार्ग असा: साइट बंद करा, १५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप काढा, तो नव्या सर्व्हरवर उतरवा, दुरुस्त करा, आणि मगच सुरू करा.

इथे होस्टिंगची आणखी एक मर्यादा आडवी आली. ज्या योजनेत होस्टिंगवाला सात दिवसांच्याच प्रती ठेवत होता, तिथे २९ तारखेला सगळ्यात जुनी प्रत २२ ची होती, म्हणजे हल्ल्यानंतरची. ज्याने वेगळा बॅकअप घेतलाच नव्हता, त्याच्याकडे परत जायला स्वच्छ साइट उरली नव्हती. शिवाय मधल्या दोन आठवड्यांत साइटवर जे नवं आलं, ते विश्वास ठेवण्याजोगं आहे की नाही, हे हाताने तपासायचं. माझ्या लेखी त्या प्रसंगातलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

त्यानंतर

एप्रिल २०१६ मध्ये पनामा पेपर्स उघड झाले, मोसॅक फोन्सेका या कंपनीची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं. पत्रकारांनी आणि सुरक्षा तपासणाऱ्यांनी तिची साइट पाहिली, तेव्हा ग्राहकांसाठीचं दालन ड्रुपल ७.२३ वर चालत असल्याचं दिसलं, म्हणजे २०१४ च्या दुरुस्तीच्या आधीच्या आवृत्तीवर. कागदपत्रं याच वाटेने बाहेर गेली असं सिद्ध झालेलं नाही. पण ते दार दीड वर्ष उघडं असावं.

मार्च २०१८ मध्ये ड्रुपलमध्ये तितकीच गंभीर दुसरी त्रुटी सापडली. या वेळी सुरक्षा गटाने २१ मार्चला, आठवडाभर आधी, नुसती वेळ सांगितली: २८ मार्च, भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेअकरा ते एक. त्या दीड तासात दुरुस्ती येईल, माणूस बसवून ठेवा. शिवाय ८.३ आणि ८.४ या शाखा तेव्हा अधिकृतपणे बंद झाल्या होत्या, तरी त्यांच्यासाठीही वेगळ्या दुरुस्त्या दिल्या. ८.५ वर उडी न मारता, आहे तिथेच राहून, त्या रात्रीपुरती साइट वाचवता यावी म्हणून. चालता हल्ला उघडपणे फिरू लागला तो १२ एप्रिलला. या वेळी सात तासांऐवजी दोन आठवडे मिळाले होते.