पंडिता रमाबाई आणि पुस्तकातली चूक

मागे एका गटाच्या बैठकीत तंटा झाला. वहीत एकीच्या नावावर आठ हजारांचं कर्ज लिहिलेलं, आणि ती म्हणे मी सहाच घेतले. सचिव म्हणाली, वहीत लिहिलं तेच खरं. त्या गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. त्या म्हणाल्या, "आमच्यातही हाच वाद आहे. बायबलमध्ये चूक असू शकते का?" आम्ही त्यावर वाचायला बसलो आणि पोचलो थेट पंडिता रमाबाईंपर्यंत.

रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. त्या काळी हे केवढं धाडस! कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलं, तेव्हा त्या विशीच्या होत्या. पण शास्त्रं वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं, की एक शास्त्र दुसऱ्याशी जुळत नाही, मात्र बाईला खाली ठेवायचं म्हटलं की बहुतेकांचं एकमत. पुस्तक पवित्र असलं तरी विचारून पाहावं, ही सवय त्यांना तिथूनच लागली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. नवरा वारलेला, सोबत लहानगी मनोरमा. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. पुढे दोघींची पत्रं वाचली तर अंगावर येतात. सिस्टरांचं म्हणणं, चर्चनं जसं शिकवलं तसं मान. रमाबाईंचं म्हणणं, बायबल मला मान्य, पण चर्चनं लावलेला अर्थ मी का मानू? येशू आणि देव एकच, हे कुठे लिहिलं ते दाखवा. कुमारी मातेच्या गोष्टीवरही त्यांनी शंका काढल्या. आपल्याकडच्या भटभिक्षुकांच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्यांच्या जोखडात मान द्यायला नाही, असा त्यांचा सूर होता. परक्या मुलखात, दुसऱ्यांच्या मदतीवर जगत असताना असं लिहायला काय लागत असेल, ते आपल्याला ठाऊक आहे. आपण तर साध्या साहेबासमोरही गप्प बसतो.

हा वाद त्यांच्या एकटीचा नव्हता. आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो झुलू भाषेत बायबल उतरवत होते. मदतनीस झुलू माणसानं विचारलं, महापुराची गोष्ट खरंच घडली का? बिशपांना 'हो' म्हणवेना. १८६२ पासून त्यांनी बायबलच्या पहिल्या पुस्तकांवर शंका छापल्या आणि चर्चमध्ये मोठा गोंधळ उडाला. आजही काही ख्रिस्ती म्हणतात, अक्षर न् अक्षर बिनचूक. काही म्हणतात, तारणाची वाट बिनचूक, बाकी आकडे-इतिहासात माणसाचा हात दिसतो. अमेरिकेत १९७८ साली शिकागोला जमलेल्या बिनचूकपणाच्या कैवाऱ्यांनीही असं मांडलं, की हा बिनचूकपणा मूळ लिखाणाचा. नकला आणि भाषांतरं मुळाशी जेवढी जुळतील तेवढीच खरी.

म्हणजे मूळ पाहायला पाहिजे. आमच्या गटानंही शेवटी बँकेची पावती काढली. सहाच हजार निघाले. लिहिणारीचा हात चुकला होता, पण तोवर त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रमाबाईंनीही मूळच धरलं. भारतात परतल्यावर १८८९ साली शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळातल्या पोरीबायांसाठी केडगावला मुक्ती मिशन. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेनं नवं वळण घेतलं आणि बायबल हेच देवाचं वचन, यावर त्या ठाम झाल्या. आम्हाला वाटतं, शंका काढणाऱ्या तरुण रमाबाई आपल्याला जास्त जवळच्या, पण तो आमचा विचार. श्रद्धा पक्की झाली तरी त्यांनी हातातल्या मराठी बायबलावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्यातली संस्कृत भारानं वाकलेली, वेदान्ताचे शब्द असलेली भाषा त्यांना पटेना. दुष्काळातून आलेल्या पोरीला ते कळणार कसं? मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं बायबल उतरवायला बसल्या. वय पन्नाशीकडे, कान जवळजवळ गेलेले.

आपल्या अकोल्याकडचाही एक धागा आहे. इथे मिशनचं काम केलेल्या जेनी फुलर यांनी १९०० साली हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना रमाबाईंची.

भाषांतर वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली मनोरमा गेली. तरी रमाबाई मुद्रितं तपासतच राहिल्या. शेवटची पानं संपवून त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, असं मुक्तीत सांगतात. पूर्ण बायबल १९२४ साली निघालं. टाइप जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकापोरींनी केलं. यातल्या कितीतरी जणी केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.