काठी, दोरा, गळ

मागे एकदा बचत गटाची बैठक उरकल्यावर एका मुलीने आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जपानमधला डोंगर, खळाळता ओढा आणि लांब काठी घेऊन उभा असलेला माणूस. काठीच्या शेंड्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला गळ. दोरा गुंडाळायचं रीळ नाही, बाकी सामान नाही. या मासेमारीला तिकडे ‘टेन्कारा’ म्हणतात आणि ती शिकायला लोक पैसे भरतात, असं ती म्हणाली. मागे बसलेल्या आजी पुढे वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “ह्याच्यात नवं काय हाय वं? हे तं आमी लहानपणी नाल्यावर करत होतो.”

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण आजींचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून आम्ही या काठी-दोऱ्याचा इतिहास शोधायला बसलो. आज तोच सांगतो.

आधी जपानचं. टेन्कारा ही डोंगराळ भागातल्या गरीब मासेमारांची रीत. थंड पाण्याच्या अरुंद ओढ्यात यामामे, अमागो, इवाना असे मासे धरायचे आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या खानावळींना विकायचे. काठी बांबूची, बारा-चौदा फुटांची. गळाला गांडूळ लावत नाहीत. दोरा आणि कोंबडीसारख्या पक्ष्याचं पीस गुंडाळून खोटा किडा करतात, त्याला ‘केबारी’ म्हणतात. ‘टेन्कारा’ शब्दाचा नेमका अर्थ तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही. ‘आकाशातून’ असा अर्थ काही जण लावतात. या लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. १८७८ साली ब्रिटिश वकिलातीतला अर्नेस्ट सेटो डोंगरात फिरत होता, त्याच्या रोजनिशीत या मासेमारीचा उल्लेख सापडतो. पुढे २००९ साली डॅनियल गल्हार्डो नावाच्या तरुणाने अमेरिकेत टेन्काराच्या काठ्या विकणारी कंपनी काढली आणि ही डोंगरातली रीत जगभर गेली.

आपल्याकडे मात्र गळ फार आधीच पोथीत गेला होता. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या लातूर-धाराशिवला लागून. या राजाने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती, दागिने, संगीत, स्वयंपाक, सगळं त्यात आहे. मांडे आहेत, वडे आहेत, आपल्या इडलीची पणजी शोभेल असा पदार्थही आहे. आणि ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे, गळाने मासे धरण्याच्या खेळाचं. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खाऊ घालून एका जागी गोळा करावं, हे राजा बारकाईने सांगतो. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं.

आता गंमत ऐका. याच ग्रंथात संगीताच्या भागात, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाच्या पुस्तकात आपलं मुसळही आहे आणि गळही आहे. फरक इतकाच, की मुसळाच्या बाजूला बाई उभी आहे आणि गळाच्या बाजूला राजा. राजासाठी तो विनोद, म्हणजे करमणूक. ज्यांच्या घरी त्या माशाशिवाय संध्याकाळची चूल पेटत नव्हती, त्यांची आठवण त्या प्रकरणाला होत नाही. राजाकडून तेवढी अपेक्षा करावी का, यावर आमच्यात वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

दुसऱ्यांदा आपले मासे पुस्तकात गेले ते इंग्रजी अमलात. कर्नल साईक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं छापून आली. त्याने नवी नावं शोधत बसण्याऐवजी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिन करून टाकली. शिंगटीचं झालं ‘मिस्टस सींगटी’, मुल्याचं ‘गार्रा मुल्या’, खुद्रीचं ‘टॉर खुद्री’. आजही जगातला कुठलाही शास्त्रज्ञ या माशांना मराठी नावाने हाक मारतो. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्या नावापुढे साईक्सचं नाव लागतं. ज्यांनी त्याला ‘साहेब, ही शिंगटी’ असं सांगितलं, त्यांचं लागत नाही.

आपला बुलढाणा जिल्हा तर पाणी वाटून देणारा. पैनगंगा इथल्याच डोंगरात उगवते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत पूर्वेच्या समुद्राला जाते. नळगंगा, ज्ञानगंगा घाट उतरून पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला, तापी पश्चिमेच्या समुद्राला. (लोणारच्या खाऱ्या पाण्यात मासा नाही, तेव्हा तिकडे गळ घेऊन जाऊ नका.) या नद्यांच्या काठची भोयांची वस्ती पालख्या वाहायची आणि मासे धरायची. फेकजाळं पुरुषाच्या हाती, आठवडी बाजारातली पाटी बाईच्या डोक्यावर. उथळ पाण्यात जुनं लुगडं धरून झिंगे गाळायचे ते बायकांनी. आणि गळ पोरासोरांचा, त्यात पोरीही आल्या.

आजींनी सांगितलेली रीत अशी. वाळका, सरळ वेळू घ्यायचा, दीड माणूस उंचीचा. दोरा काठीइतकाच लांब; आता तंगूस मिळतो, तेव्हा अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन करायचे. टाचणी वाकवली की गळ. ज्वारीच्या धांड्यातलं भेंड दोऱ्याला बांधायचं, ते पाण्यावर तरंगतं. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, बोलायचं नाही. भेंड बुडालं की काठी उचलायची, पण झटका द्यायचा नाही. जपानी केबारी इथे चालेल का, असं आम्ही विचारलं. आजी म्हणाल्या, शिंगटी तळाशी चरते, तिला वरचं पीस काय दिसणार? आम्हाला ते पटलं.

तरी खरी अडचण काठीची नाही, माशाची आहे. १९५७ साली कटकच्या संशोधन केंद्रात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचणी देऊन माशांची अंडी काढण्याची पद्धत बसवली. त्यामुळे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू, मृगळ देशभरच्या धरणांत सोडता आले. आपल्या नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा धरणांमुळे पाणी अडलं, संस्थांना ठेके मिळाले, भोयांच्या घरात पैसा आला. ते वाईट झालं असं आम्ही म्हणणार नाही. (ठेक्याच्या पाण्यात संस्थेला विचारल्याशिवाय गळही टाकू नये.) पण उन्हाळ्यात उरलेल्या डोहांत कोणी विषारी औषध टाकतं, कोणी बार उडवतं. हे दोन्ही १८९७ च्या कायद्यापासून गुन्हे आहेत. गळाला एका वेळी एक मासा लागतो. औषधाने डोहातलं पिल्लूही उरत नाही. आज बाजारात मुलांना विचारा, कटला-रोहूच्या पुढे नाव येत नाही.

एक चूक आमचीही सांगतो. गटाच्या रजिस्टरमध्ये ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आमच्या चार सभासदांपुढे आम्हीच इतकी वर्षं ‘घरकाम’ लिहीत आलो. त्यांना विचारलंही नव्हतं. या महिन्यात ते खोडलं.

त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांवर आता माशांची नावं लिहायला घेतली आहेत. मरळ, वाम, शिंगटी, झिंगा इथपर्यंत एकमत झालं. पुढे पूर्णाकाठची मावशी एक नाव सांगते आणि मेहकरकडची काकू त्याच माशाला दुसरंच म्हणते. आम्ही दोन्ही लिहितो. तुमच्या गावच्या नाल्यात लहानपणी गळाला काय लागायचं, ते येत्या बैठकीला सांगा. नाव आठवत नसेल तर मासा दिसायचा कसा तेवढं सांगा, नाव आजींना येईल.