सागाच्या खाचा, संत्र्याची सावली

वरूड-मोर्शीच्या एखाद्या संत्रा बागायतदाराला सांगून पाहा की भाऊ, तुमची बाग देशाच्या वन अहवालात जंगलाच्या रकान्यात बसते. तो आधी सातबारा काढून पाहील. सातबारा शाबूत आहे, मालकीला धक्का नाही. पण भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची व्याख्याच तशी आहे. एक हेक्टरहून मोठा तुकडा हवा आणि झाडांच्या फांद्यापानांनी निदान दहा टक्के जमीन झाकलेली हवी. मग मालक कोणी असो, झाड कोणतंही असो, ते 'वनआच्छादन'. फळबागाही त्यात धरतात. म्हणजे मेळघाटातल्या कोलकासचा साग आणि वरूडकडच्या शेंदूरजनाघाटचा संत्रा एकाच बेरजेत! जंगल मोजायला निघालेलं सरकार इथवर कसं पोहोचलं, त्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे.

मूळपुरुष जर्मन. डीट्रिख ब्रँडिस हा बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांवर नेमला गेला. किती साग उभा आहे हे कंपनी सरकारला हवं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रँडिस हत्तीवर बसून रान तुडवू लागला. त्या पावसाळी रानात कागद टिकेना, म्हणून डाव्या हातात चार काड्या आणि उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात साग दिसला की त्याच्या जाडीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या काडीवर एक खाच. संध्याकाळी तळावर येऊन खाचा मोजायच्या. चाललेल्या पट्ट्यावरून अख्ख्या रानाचा अंदाज बांधायचा. पुढे त्याचा सहकारी शेंक याने ही हकीकत लिहून ठेवली. नमुना पाहणी म्हणून आज जे शिकवतात, त्याचं बीज या काड्यांमध्ये आहे. १८६४ मध्ये हाच ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला.

या हिशेबातली गोम अशी की मोजला जायचा तो फक्त साग. बाकीच्या झाडांना काडीच नव्हती. जे विकत नाही, ते मोजत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. ते १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं, पण कागदोपत्री निजामाचंच. म्हणून १८७८ चा वन कायदा इथे जसाच्या तसा लागू झाला नाही. वऱ्हाडासाठी १८८६ मध्ये स्वतंत्र वन कायदा करावा लागला. दरम्यान १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली होती. रेल्वेला स्लीपर लागतात आणि सातपुड्याच्या या कडेला साग उभा होता. मेळघाट राखीव झालं, त्याचे कक्ष पडले, कक्षांना नंबर पडले आणि कार्य आयोजना नावाचं जाडजूड पुस्तक तयार होऊ लागलं. कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी तोड, कुठे विश्रांती, हे त्यात आधीच लिहिलेलं. आजही वनरक्षकाला विचारा, तो ठिकाण नाल्यावरून कमी आणि कंपार्टमेंट नंबरवरून जास्त सांगेल. वऱ्हाडी खेड्यांतल्या जमिनींनाही इंग्रजी अक्षरं चिकटली ती याच सुमाराच्या कारभारातून. गावचराईच्या जमिनीला लोक आजही बिनदिक्कत 'ई-क्लास' म्हणतात, मग त्यावर एक बाभूळ नसली तरी चालते.

या पुस्तकासाठी जी मोजणी होते ती मात्र मला मनापासून आवडते. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा, म्हणजे जुन्या साडेचार फुटांवर, माणसाच्या छातीच्या उंचीला. युरोपात हीच उंची १.३० मीटर धरतात. आपण मीटर स्वीकारले, पण साहेबाचे साडेचार फूट सोडले नाहीत. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. खोड छातीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं लिहायची. वेल गुंडाळली असेल तर आधी ती बाजूला करायची, टेप खोडाला सपाट बसवायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसरा माणूस लिहितो. यात झाडाला हात लावावाच लागतो. खोटा आकडा लिहिता येत नाही असं नाही, पण त्यासाठी निदान डोंगर चढून जावं तरी लागतं. (आणि टेबलावर बसून भरलेले तक्ते जाणत्याच्या नजरेतून सुटत नाहीत, सगळे घेर पाचाच्या पाढ्यात येतात.)

आकाशातला डोळा त्यामानाने अलीकडचा. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने कारखान्यांना किती लाकूड मिळेल याची पाहणी सुरू झाली. तिचंच १९८१ मध्ये वन सर्वेक्षण संस्थेत रूपांतर झालं, ठाणं देहरादून. पहिला देशव्यापी अहवाल १९८७ चा. तेव्हाच्या उपग्रहचित्रांवर चारशे हेक्टरपेक्षा लहान रान दिसतच नव्हतं. २००१ पासून एक हेक्टरपर्यंत दिसू लागलं. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करून 'जंगल वाढलं' म्हणणाऱ्याला विचारायला हवं की जंगल वाढलं की चष्म्याचा नंबर सुधारला?

चित्र कधी घ्यायचं, हेही ठरलेलं आहे. आपलं रान पानगळीचं. फेब्रुवारीनंतर मेळघाटावरून उपग्रह फिरला तर सागाचे नुसते खराटे दिसतील आणि निम्मा घाट उजाड नोंदला जाईल. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात.

सगळ्या देशांचे आकडे रोमला, त्याच अन्न व कृषी संघटनेकडे जातात. १९४८ पासून ती जगाच्या जंगलांचा ताळेबंद मांडते आहे. तिची व्याख्या वेगळी: अर्धा हेक्टर, पाच मीटर उंचीची झाडं, दहा टक्के छत्र आणि जमीन मुख्यतः शेतीखाली नको. म्हणजे वरूडची संत्रा बाग देहरादूनच्या नियमात बसते, रोमच्या नियमात बसत नाही. आणखी एक गुंता घरचाच. महाराष्ट्रात कागदावर नोंदलेलं वनक्षेत्र ६१ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०२१ च्या अहवालात आच्छादन ५० हजार ७९८. शिवाय त्यातलं काही नोंदलेल्या वनाबाहेरचं. बातमीत यांपैकी कोणताही आकडा 'जंगल' या एकाच शब्दाखाली छापून येतो.

उलटा प्रकारही मेळघाटातच पाहायला मिळतो. कोहा, कुंड, बोरी ही गावं २००१ नंतर व्याघ्र प्रकल्पाबाहेर हलली. त्यांच्या शेतांची कुरणं झाली, तिथे गवे आणि सांबरं चरतात. पण गवताला छत्र नसतं. दहा टक्क्यांच्या नियमाने हे कुरण वनआच्छादनात येत नाही, आणि संत्रा बाग येते.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने यात तिसरीच वाट काढली. २०१२ मध्ये ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली जवळपास दोनशे हेक्टर सामूहिक वन मिळालं. बोडक्या टेकडीवर लोकांनी झाडं लावली, राखण केली, रानातली सीताफळं मुंबईपर्यंत विकली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळवला. वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे अशा रानाचा आराखडा आता ग्रामसभेने करायचा, आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा. ब्रँडिसच्या काडीवर जागा नसलेल्या सीताफळाचा त्यात रीतसर रकाना असू शकतो.