साच्यातून निघालेलं युद्ध: वॉरहॅमरच्या लघुकथा इतिहासाचं साधन म्हणून कशा वाचायच्या?

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "लोकप्रिय, बाजारात खपणाऱ्या साहित्यावर संशोधन करता येतं का? की मार्गदर्शक हसतील?" करता येतं. पण 'मला हे आवडतं' इथून 'माझा संशोधनप्रश्न हा आहे' इथवरचा रस्ता तुम्हालाच बांधावा लागतो. तो कसा बांधायचा, हे एका टोकाच्या उदाहरणावरून बघूया. इतकं टोकाचं, की साहित्याच्या इतिहासात त्याला सहसा जागाच मिळत नाही.

उदाहरण आहे 'वॉरहॅमर ४०,०००' या काल्पनिक विश्वातल्या लघुकथांचं. नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही. १९८७ साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने रिक प्रीस्टली यांनी लिहिलेला 'रोग ट्रेडर' हा खेळ बाजारात आणला. धातूचे किंवा प्लास्टिकचे बोटभर उंचीचे सैनिक विकत घ्यायचे, रंगवायचे आणि टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची. खेळाची पार्श्वभूमी अत्यंत काळोखी. सुमारे चाळीस हजार वर्षांनंतर माणसाचं साम्राज्य आकाशगंगाभर पसरलंय, पण विज्ञान विसरलं गेलंय. यंत्र दुरुस्त करणं हा एक धार्मिक विधी झालाय. सम्राट दहा हजार वर्षं सुवर्णसिंहासनावर ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत बसलाय, आणि त्याला टिकवण्यासाठी रोज हजार माणसांचा बळी दिला जातो. प्रजा त्याला देव मानते आणि शंका घेणाऱ्याला जाळते.

ही कल्पना आली थॅचर यांच्या काळातल्या ब्रिटनमधून. '२००० एडी'सारखी कॉमिक्स तेव्हा हुकूमशाहीची कडवट टिंगल करत होती, आणि या खेळाचा सूरही सुरुवातीला तोच होता. म्हणजे हे साम्राज्य आदर्श म्हणून रचलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पहिला धडा. मजकूर कुठल्या गरजेतून जन्मला, हे आधी विचारा.

या विश्वातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे 'होरस हेरसी': सम्राटाच्या लाडक्या सेनापतीने, होरसने, केलेलं बंड. त्यात साम्राज्याच्या फौजा दुभंगतात आणि भाऊ भावाशी लढतो. ऐकायला महाकाव्यासारखं वाटतं. पण तिचा उगम बघा. १९८८ साली कंपनीने 'अडेप्टस टायटॅनिकस' नावाचा प्रचंड यंत्रमानवांच्या लढाईचा खेळ काढला. प्लास्टिकचा साचा बनवणं महाग असतं, त्यामुळे डब्यात दोन्ही बाजूंना एकाच साच्यातले यंत्रमानव होते. मग दोन्ही सैन्यं हुबेहूब सारखी का? उत्तर सोपं: यादवी युद्ध! एका साच्याच्या खर्चातून एक पुराणकथा निघाली. पुढे २००६ पासून याच घटनेवर पन्नासहून अधिक पुस्तकांची मालिका आली.

इथे बरेच विद्यार्थी थांबतात. "म्हणजे सगळं धंद्यासाठीच होतं," असं म्हणून प्रकरण बंद करतात. पण मजकुराचा जन्म कशातून झाला हे सांगून तो मजकूर काय करतो हे सांगून होत नाही. तिथून दुसरा धडा सुरू होतो.

आवृत्त्या तपासा. नंतरच्या पुस्तकावरून आधीचं पुस्तक वाचू नका.

१९९० साली 'डेथविंग' हा कथासंग्रह आला. संपादक होते नील जोन्स आणि डेव्हिड प्रिंगल. प्रिंगल तेव्हा 'इंटरझोन' या प्रतिष्ठित ब्रिटिश विज्ञानकथा नियतकालिकाचे संपादक होते, त्यामुळे इयन वॉटसन आणि स्टॉर्म कॉन्स्टंटाइन यांच्यासारखे त्या वर्तुळातले लेखक या विश्वात आले. संग्रहाच्या नावाच्या कथेत 'डार्क एंजल्स' या पथकाचे योद्धे मायभूमीवर परततात. त्यांची नावं क्लाउड रनर, लेम बेअर अशी. संस्कृती अमेरिकेतल्या मैदानी आदिवासींवर बेतलेली, आणि तीही बरीचशी सिनेमातून आलेली. परतल्यावर कळतं की परग्रहावरून आलेल्या जीवांनी त्यांच्या जमाती आतून पोखरल्या आहेत. वरून बॉम्ब टाकून सगळा ग्रह जाळणं शक्य असतं. पण उरलेसुरले लोकही मरतील, म्हणून ते आपली काळी चिलखतं पांढरी रंगवतात आणि मरण पत्करून खाली उतरतात.

आज या पथकाची जी माहिती मिळते, ती वेगळीच आहे. तिथे ते मध्ययुगीन सरदारांसारखे आणि मठवासी संन्याशांसारखे दिसतात, आणि जुनी फितुरी लपवण्याची धडपड त्यांच्या केंद्रस्थानी आहे. आदिवासी संदर्भ कडेला गेला. पण त्यांच्यातल्या 'डेथविंग' या तुकडीची चिलखतं? ती आजही हाडाच्या पांढऱ्या रंगाची आहेत. कथा मागे पडली, तिचा रंग मात्र खेळाडूंच्या ब्रशवर राहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा अवशेष म्हणजे उत्खननात सापडलेलं खापर. तो रंग कुठून आला हे विचारत मागे गेलात, की टाकून दिलेली एक शक्यता हाती लागते. आजच्या माहितीकोशावरून १९९० ची कथा 'चुकीची' ठरवाल, तर ती हातची जाईल.

तिसरा धडा. एक कथा म्हणजे पुरावा नव्हे. ती ज्या रांगेत उभी आहे, ती सगळी रांग बघा.

१९९७ साली कंपनीच्या 'ब्लॅक लायब्ररी' या प्रकाशन शाखेने 'इन्फर्नो!' हे कथांचं नियतकालिक सुरू केलं. डॅन ॲबनेट यांची 'गॉन्ट्स घोस्ट्स' ही गाजलेली मालिका इथल्या लघुकथांतूनच उभी राहिली. त्यांचं 'घोस्टमेकर' (२०००) हे पुस्तक तर अशा कथा एका धाग्यात ओवूनच बनलं आहे. इथे सम्राट जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो चिखलातला पायदळातला शिपाई, ज्याचा ग्रह नष्ट झालाय आणि ज्याला परतायला घरच नाही.

माझा मुद्दा इथे येतो. या विश्वात युद्ध संपू शकत नाही. संपलं तर पुढचा डबा कोण घेणार? मोठ्या नायकांच्या मूर्ती विक्रीला असतात, त्यामुळे त्यांना सहजासहजी मारताही येत नाही. पण लघुकथेतला अनोळखी शिपाई, कारकून किंवा पुजारी मरू शकतो, हरू शकतो, शंका घेऊ शकतो. सुरुवातीची ती कडवट टिंगल जिथे श्वास घेऊ शकते, अशी जागा लघुकथेत सापडते.

याचं ठळक उदाहरण म्हणजे ग्रॅहम मॅकनील यांची 'द लास्ट चर्च' ही कथा. ती २००९ च्या 'टेल्स ऑफ हेरसी' या संग्रहात आहे. सम्राट अजून चालताबोलता आहे आणि त्याने सगळे धर्म मोडीत काढायचं ठरवलंय. पृथ्वीवरच्या शेवटच्या चर्चमध्ये म्हातारा पुजारी युराया आणि एक पाहुणा रात्रभर वाद घालतात. पाहुणा म्हणजे खुद्द सम्राट. त्याच्याकडे तर्क आहे आणि फौजही आहे. शेवटी पुजारी त्याच्यासोबत जायला नकार देतो आणि जळत्या चर्चमध्ये परततो. कथेत जवळजवळ लढाईच नाही. वाचकाला मात्र ठाऊक असतं, की धर्म संपवायला निघालेला हाच माणूस पुढे देव होणार आहे.

पण सांभाळा. या एका कथेवरून "लघुकथा साम्राज्यावर टीका करते" असं विधान केलंत, तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येईल: बाकीच्या कथांचं काय? बाकीच्यांपैकी कितीतरी सरळ मारधाडीच्या आहेत. म्हणून अंकच्या अंक वाचा. मराठी कथेचा अभ्यास करताना आपण दिवाळी अंकातली एकच कथा फाडून घेत नाही ना? शेजारची कथा, संपादकीय, जाहिराती, सगळं बघतो. इथेही तेच. कथेशेजारी कुठल्या सैनिकांची जाहिरात आहे, हाही तुमचा पुरावाच.

या सगळ्यात पणाला काय लागलंय? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढावं लागलं. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हं असलेले कपडे घालून बसला होता. हे साम्राज्य उपहास म्हणून रचलेलं आहे, त्याचा द्वेष आमचा नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. म्हणजे चौतीस वर्षांनंतर उपहास आहे हे सांगावं लागलं. उपहास कुठे पातळ झाला? कुठल्या वर्षी, कुठल्या प्रकारच्या लेखनात? आणि कुठे टिकला? बघा, हा झाला संशोधनप्रश्न. त्याला काळाची चौकट आहे, ठरावीक साधनं आहेत, आणि उत्तर आधीच ठरलेलं नाही.

आता तुमच्या विषयाकडे वळा. तो तमाशाची वगनाट्यं असो, रहस्यकथा असोत की चित्रपटांची गाण्यांची पुस्तिका. एका कागदावर चार ओळी लिहा: हा मजकूर कुणी, कशासाठी छापला? पहिली आवृत्ती कुठे मिळेल? त्याच्या आजूबाजूला काय छापलं होतं? नंतर कुणी काय बदललं? ज्या ओळीपुढे जागा कोरी राहील, ग्रंथालयातलं तुमचं पहिलं काम तिथूनच सुरू करा.