लोकनेते आणि पक्षांची वीण

एखाद्या लोकप्रिय पुरुषाच्या हाकेने जुने पक्ष कोलमडतात आणि नवे उभे राहतात, असे इतिहासात अनेकदा दिसून येते. तथापि तीच हाक एका प्रांतात विरून जाते आणि दुसऱ्या प्रांतात राज्य पालटून टाकते, असे का व्हावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आम्हां दिल्लीवासी महाराष्ट्रीयांना तो विचारण्यास विशेष कारण आहे. ज्यांच्या उपोषणातून दिल्लीचे पक्षकारण पालटले ते अण्णा हजारे पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे. आणि त्या पालटाचा कस जेथे सर्वांत अटीतटीने लागला त्या रामकृष्णपुरम् मतदारसंघात आमच्यापैकी कित्येकांचे वास्तव्य. मुनिरका याच मतदारसंघात मोडते.

हजाऱ्यांचे नाव महाराष्ट्रास २०११ साली नव्याने कळले असे नाही. राळेगणातील पाणलोटाच्या कामामुळे आणि १९९० नंतरच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनांमुळे ते घरोघरी ठाऊक होते. त्यांच्या रेट्यामुळे मंत्र्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती सावंत आयोग नेमला गेला व २००५ साली त्याचा अहवाल आला. राज्याचा २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा होण्यामागेही त्यांच्या आंदोलनाचे बळ होते. मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. परंतु पक्षांची मांडणी जशीच्या तशी राहिली. १९९९ पासून २०१४ पर्यंत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचेच संयुक्त सरकार तेथे नांदत होते. एवढेच नव्हे, तर दिल्ली दुमदुमवून सोडल्यानंतर चार महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, हजारे मुंबईत उपोषणास बसले तेव्हा गर्दी जमली नाही आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण सोडावे लागले.

याचे कारण महाराष्ट्रीयांची उदासीनता हे नव्हे. ते महाराष्ट्रातील पक्षांच्या विणीत शोधावयास हवे. हजाऱ्यांच्याच जिल्ह्यात, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यामागोमाग कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा असे जाळे राज्यभर पसरले. शेतकऱ्याचा ऊस, त्याचे कर्ज, मुलाची शाळा आणि गावचा रस्ता हे सारे धागे एकाच पुढाऱ्याच्या दारी जाऊन मिळत. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली; एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्या सभांना माणसांचा समुद्र लोटला. परंतु १ मे १९६० रोजी राज्य मिळताच समितीचे प्रयोजन सरले आणि १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या. भावनेने एक निवडणूक जिंकून दिली. परंतु रोजच्या व्यवहाराने पुढची कित्येक वर्षे बांधून ठेवली.

आता दिल्लीकडे वळू. मुनिरका हे मूळचे टोकस कुळातील जाटांचे गाव. त्याची शेते सरकारने संपादन केली आणि त्या जमिनींवर रामकृष्णपुरम् च्या सरकारी वसाहती व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ वसले. गाव आत राहिले आणि भोवती आम्ही आलो : बदलीच्या हुकुमावर आलेले, बदलीच्या हुकुमावर जाणारे. आमचा ऊस येथे कोणाच्या कारखान्यात जात नाही. आमचे वेतन केंद्राचे, घर केंद्राचे आणि मतदारयादीतील नावही तात्पुरते. अशांच्या मतांवर कोणत्याही पक्षाचा पिढीजात हक्क राहत नाही. दिल्लीचा इतिहास याची साक्ष देतो. १९६७ साली लोकसभेच्या सातपैकी सहा जागा जनसंघाने जिंकल्या, १९७१ साली सातही काँग्रेसने. १९९३ च्या विधानसभेत सत्तरांपैकी ४९ जागा भारतीय जनता पक्षाच्या, तर पाचच वर्षांनी ५२ जागा काँग्रेसच्या.

अशा सैल विणीच्या नगरीत ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावर हजाऱ्यांचे बारा दिवसांचे उपोषण झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांचे सहकारी अरविंद केजरीवाल यांनी आम आदमी पक्ष स्थापिला. हजाऱ्यांना पक्ष काढणे मान्य नव्हते व ते दूर राहिले. त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरच्या रात्री मुनिरक्याच्या थांब्यावरून बसमध्ये चढलेल्या एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्याने साऱ्या नगरीचा राज्यकर्त्यांवरील विश्वास उडाला. वर्षभराने निवडणूक झाली. पंधरा वर्षे मुख्यमंत्री असलेल्या शीला दीक्षित पराभूत झाल्या, काँग्रेस ८ जागांवर आली आणि एक वर्षाच्या पक्षाने २८ जागा मिळविल्या. रामकृष्णपुरम् मध्ये भाजपचे अनिलकुमार शर्मा अवघ्या ३२६ मतांनी निवडून आले. एखाद्या सरकारी वसाहतीच्या दोनचार गल्ल्यांनी फिरवावा एवढा तो फरक! मे २०१४ मध्ये याच दिल्लीने लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या आणि नऊ महिन्यांनी विधानसभेच्या ६७ जागा केजरीवालांना. त्या वेळी येथून निवडून आल्या त्या मुनिरक्याच्या प्रमिला टोकस. लाटेवर आलेल्या नव्या पक्षालाही गावात पाय रोवण्यासाठी गावच्याच कुळाची गाठ शोधावी लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुनिरक्यास लागून असलेल्या विद्यापीठात जपानी भाषेचे अध्यापन चालते. त्या देशाचा अलीकडचा इतिहास आमच्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये दोन पक्षांच्या विलीनीकरणातून तेथे लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष जन्मास आला आणि १९९३ पर्यंत अखंड सत्तेवर राहिला. जुन्या पद्धतीत एका मतदारसंघातून तीन ते पाच सभासद निवडले जात. एकाच पक्षाचे उमेदवार परस्परांविरुद्ध उभे राहत, म्हणून प्रत्येकास ‘कोएनकाई’ नामक स्वतःची समर्थक मंडळी जोपासावी लागे. लग्नकार्यापासून पुलाच्या बांधकामापर्यंत मतदाराची प्रत्येक गरज तीतून भागे. आमच्या साखरपट्ट्यातील कार्यकर्त्यास हे चित्र परके वाटणार नाही. १९९४ च्या कायद्याने एकसदस्यीय मतदारसंघ आले आणि ही वीण सैल होऊ लागली.

२००१ साली जुनिचिरो कोइझुमी पक्षाचे अध्यक्ष व पंतप्रधान झाले, ते पक्षांतर्गत गटांना ओलांडून सामान्य सभासदांस साद घालून. प्रसंगी आपलाच पक्ष मोडून काढण्याची भाषा करीत. २००५ साली टपालखात्याच्या खाजगीकरणाचे विधेयक वरिष्ठ सभागृहाने फेटाळताच त्यांनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, बंडखोरांविरुद्ध नवे उमेदवार उभे केले आणि ४८० पैकी २९६ जागा जिंकल्या. टोकियोतील पंचवीस एकसदस्यीय जागांपैकी २३ त्यांच्या पक्षाकडे आल्या. परंतु पुढल्याच वर्षी ते पायउतार झाले आणि २००९ साली त्याच टोकियोने २१ जागा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षास बहाल केल्या. तो पक्ष देशभर ३०८ जागा मिळवून सत्तेवर आला खरा, पण २०१२ मध्ये ५७ वर घसरला. जुना पक्ष मात्र २९४ जागांसह परतला. ग्रामीण भागात त्याची जुनी मुळे शिल्लक होती. नव्या पक्षास मुळे धरण्यास अवधी मिळाला नाही.

दिल्लीतही २०२० च्या ६२ जागा २०२५ मध्ये २२ झाल्या. केजरीवाल स्वतः हरले, रामकृष्णपुरम् मधून शर्मा परत आले आणि ४८ जागांसह भाजपचे राज्य आले. तथापि दोन्ही पक्षांच्या मतांत अंतर होते ते सुमारे दोन टक्क्यांचे. म्हणजे मोहल्ला दवाखाने, स्वस्त वीज व शाळा यांच्याद्वारे या पक्षाने दहा वर्षांत काही वीण घातलीच होती. ती सत्ता टिकविण्याइतकी घट्ट नव्हती एवढेच.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, लोकनेता पक्षव्यवस्था मोडतो तो स्वतःच्या बळावर नव्हे, तर मतदार आणि पक्ष यांमधील धागे आधीच सुटलेले असतात म्हणून. आणि ज्या सैलपणातून तो उदय पावतो तोच सैलपण पुढे त्याच्या मुळावर येतो. घट्ट वीण चांगली व सैल वीण वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. घट्ट विणीत मतदाराचे हात बांधले जातात, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. सैल विणीत तो मोकळा असतो, परंतु दर पाच वर्षांनी कोणाच्या तरी नावावर विसंबतो.

आम्ही बदलीवरची माणसे हे या सैल विणीतले सर्वांत सैल धागे. सेवानियमांमुळे आम्हांस पक्षकार्य वर्ज्य आहे. मत वर्ज्य नाही आणि माहिती घेणेही वर्ज्य नाही. ज्या गल्लीत आपण तीन वर्षे राहणार, तेथील नाला कोण साफ करतो, दवाखाना कोणाच्या अंदाजपत्रकातून चालतो आणि ज्यांच्या शेतांवर आपली घरे उभी आहेत त्या मुनिरकेकरांचे म्हणणे काय, हे जाणून दिलेले मत सैल असले तरी आंधळे नसते. ३२६ मतांचा तो निकाल आठवला, म्हणजे हे मत किती वजनाचे असू शकते ते निराळे सांगावयास नको.